आमच्या डोंगरावर पवनचक्की?

गावाहून, मुळशीतल्या माल्याहून, चुलत्यांचा, म्हणजे तात्यांचा, फोन आला. "कंपनीवाले डोंगरावरली आपली जागा पवनचक्क्यांना मागत्यात. तू त्यातला हायेस, येऊन बघ." दुसऱ्याच दिवशी मी कच्छहून निघालो. तिथं पवनचक्क्या उभारणाऱ्या टोळीत असतो. सातवीत शाळा सुटली, तेव्हापासून पायाला भिंगरी. पण काम आपल्याच मुळशीत आलं तर? वाटभर मनात मांडे खात होतो.

पुण्याहून बाईकनं जाणार असाल तर पिरंगुटलाच पेट्रोल टाका. कारखान्यांची शिफ्ट सुटायच्या वेळेला मात्र तिथं सापडू नका. पौड सोडलं की हवाच बदलते. गणपतीनंतर जा. खाचरांत भात पोपटी, धरण काठोकाठ, सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, फुलंच फुलं.

शनिवार-रविवारी काकू अंगणात पाहुण्यांना जेवू घालते. पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा. साठ रुपयांत पोटभर. पंगतीत एकानं विचारलं, "शेजारी विजेचं एवढं धरण, आणि तुमच्याकडे लाइट नाही?"

तात्या म्हणाले, "वीज ममईला, पाणी कोकणात, आन तुमी शनवारी हितं. आमाला सोमवारी कचरा."

सगळे हसले. त्या माणसानं जाताना आपल्या बाटल्या गोळा केल्या.

सकाळी तात्या नि मी सड्यावर चढलो. वारं असं, की टोपी हातानं धरावी लागली.

"फिरंल ना रं पंखा?"

"लई जोरात."

"मग तोंड का उतरलं तुजं?"

मी खालची वाट बघत होतो. एक पातं म्हणजे तीन-चार एसट्या एकामागं एक लावल्या एवढं लांब, आणि अख्खं. ते वर आणायचं तर प्रत्येक वळणाला डोंगर कापावा लागणार. कच्छात सपाट माळ, तिथं निभतं. इथला पाऊस ती मोकळी माती थेट खाचरांत नेऊन टाकणार. गप्प बसलो असतो तर घरी राहायला मिळालं असतं. पण सांगून टाकलं.

तात्या तंबाखू मळत राहिले. "तुजी नोकरी हितं झाली आसती."

"व्हय."

"चुलतीला तूच सांग. ती तुज्यासाठी पोरगी बघतीया."

तात्यांनी नकार कळवला. अंगणातल्या दिव्यांपुरती सोलर प्लेट मी छपरावर बसवून दिली. तुम्ही गेलात तर गाडी खालीच लावा नि सड्यावर पायी चढा. तासाभराची वाट आहे, दम लागतो, पण फुलं टायरखाली जात नाहीत.

आता परत कच्छात, नेट कॅफेत बसून हे टाईप करतोय. झोप छान लागते. काल काकूचा फोन आला होता.

"पोरगी इचारतीया, पोरगा एवढ्या लांब का ऱ्हातो?"

म्हटलं, "फुलं हायेत तोवर तिला सड्यावर घेऊन जा. मग सांग."