गाडीतला गोड वास

गेल्या शनिवारी सकाळी चंदीगडच्या सेक्टर १७ च्या पार्किंगमध्ये एक बाई गाडीच्या पुढच्या सीटखाली डोकं घालून मॅटचा वास घेत होती... ती बाई मी! येणारे-जाणारे टकामका बघत होते. बघू देत, म्हटलं.

पण आधी निळीबद्दल सांगते. निळी म्हणजे माझ्या बाबांची जुनी गाडी. डोळ्यांमुळे डॉक्टरांनी त्यांचं ड्रायव्हिंग बंद केलं, तेव्हा कऱ्हाडच्या घरी त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. नवऱ्याचं एअर फोर्सचं पोस्टिंग चंदीगडला आलं, तशी तीही आमच्याबरोबर आली.

दर रविवारी बाबांचा फोन येतो. आधी "गाडी कशी आहे?" आणि मग "तू कशी आहेस?" हा क्रम ठरलेला... आणि मला त्याचा अजिबात राग येत नाही.

उन्हाळा-पावसाळा निळीने काही कुरकुर केली नाही. आणि जानेवारीत, अख्खं चंदीगड कुडकुडत असताना, हिचं इंजिन तापायला लागलं! शहराबाहेर झिरकपूरच्या ट्रॅफिक जाममध्ये टेम्परेचरचा काटा थेट लाल रेघेला. बाजूला घ्या, बंद करा, थंड होऊ द्या, कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी भरा... पुढच्या जाममध्ये पुन्हा तेच.

आमचे मेकॅनिक लकीजी, भला माणूस. त्यांनी रेडिएटर बघितला, पंखा बघितला, थर्मोस्टॅट नवा टाकला. गाडीखाली एक थेंब नाही, तरी कूलंट गायब! शेवटी मान हलवून म्हणाले, "हेड गॅस्केट लगदा ए जी. इंजन खोलणा पऊगा." म्हणजे इंजिनच्या आतलं सील गेलं असावं, ते उघडावं लागणार.

नवऱ्याने तिथल्या तिथे निकाल लावला. एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन उघडत बसायचं नाही, विकून टाकू. रविवारी गिऱ्हाईक बघायला येणार, हेसुद्धा ठरलं.

बाबांना काय सांगू? आधीच्या रविवारी "गाडी मजेत" म्हणून मी चक्क थाप मारली होती.

आता त्या वासाचं. संक्रांतीला इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवासाठी मी लाडवांचे डबे निळीतून नेले होते आणि एक डबा वाटेत उपडा झाला. तेव्हापासून गाडीत गोड वास यायचा. "तुझी गाडी गूळ खाऊन माजलीय," म्हणून नवरा चिडवायचा. मॅट धुतलं, वाळवलं, तरी वास काही जाईना.

शनिवारी शेवटची चक्कर म्हणून मी एकटीच निळी घेऊन निघाले. डोळे भरून येत होते, खोटं कशाला सांगू... बाहेर धुकं, गारठा, म्हणून हीटर फुल. वाटेत समोरची काच आतून धुरकट झाली. फडक्याने पुसली तर फडकं चिकट, तेलकट! नुसत्या वाफेने असं होतं होय?

आणि तो वास आला. भपकन... हीटरच्या जाळीतून!

तिळगुळाच्या वासात भाजलेला तीळ असतो, वेलदोडा असतो. ह्यात नुसता गोडवा, खोकल्याच्या औषधासारखा. कुठे घेतलाय हा वास मी? आणि आठवलं. लकीजी कूलंट ओतत होते आणि मी शेजारी उभी होते, तेव्हा!

पार्किंगमध्ये गाडी लावली आणि घातलं डोकं सीटखाली. मॅट कोरडं होतं. त्याखालचा गालिचा उचलून बोटं दाबली तर ओलाचिंब. बोटं हिरवी, बुळबुळीत... अगं बाई! गाडीखाली थेंब दिसणार कसा? सगळं गळत होतं ते गाडीच्या आत!

मग जरा डोकं चालवलं. हीटरमध्ये इंजिनचंच गरम पाणी फिरतं, आणि आमच्या निळीत हीटरचा नॉब बंद असला की ते तिकडे जात नाही. इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं, कूलंट भरलं, हीटर बंद केला आणि झिरकपूरच्या त्याच जाममध्ये मुद्दाम घुसले.

हात गारठले, नाक वाहायला लागलं. पण काटा? मध्यावर... ढिम्म हलला नाही! मी गाडीत एकटीच ओरडले. शेजारचा ऑटोवाला दचकला बिचारा.

घरी न जाता तडक लकीजींकडे. त्यांनी गालिचा दाबून बघितला आणि कपाळावर हात मारला. "हीटर तां मैं वेख्या ई नहीं जी!" डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर पार सडला होता. तो बदलला, इंजिन उघडावंच लागलं नाही. मग गॅरेजभर ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी माझ्या नवऱ्याला फोनवर सांगितलं, "सर जी, मॅडम ने कमाल कर दित्ती!"

गिऱ्हाइकाला 'नको' म्हणून कळवायचं काम मी नवऱ्यालाच दिलं. तो मुकाट्याने फोन करत होता आणि मी समोर बसून उरलेला तिळाचा लाडू खात होते. काय चव लागली म्हणून सांगू!

रविवारी बाबांचा फोन आला. सगळं सांगितलं, विकायला निघालो होतो तेसुद्धा. मला वाटलं, बाबा दुखावणार. मग हळूच म्हणाले, "अगं, पण... आपल्या गाडीला हीटर आहे?"

हसून हसून पुरेवाट! बरोबरच आहे, कऱ्हाडात कोण लावतंय गाडीत हीटर? इतकी वर्षं तो नॉब कुणी फिरवलाच नव्हता. हीटर आतल्या आत गंजत गेला, आणि इथल्या थंडीत पहिल्यांदा लावला तसा गळायला लागला. सवयच नाही, म्हणून तो आमच्याही कुणाच्या डोक्यात आला नाही.

"बाबा, थंडी आहे तोवर या," म्हटलं. "स्टेशनवर निळी घेऊन येते. हीटर फुल लावून फिरवते तुम्हाला."

"येतो, येतो," म्हणाले आणि गडबडीने फोन ठेवला. मी कशी आहे, हे विचारायचं त्या दिवशी विसरूनच गेले. माझ्या आवाजावरून कळलं असणार त्यांना.