पिशवी उलटी कर

उस्ताद माणसाला नाव विचारायच्या आधी पिशवी उलटी करायला सांगायचे. भिंगारच्या बाजारामागं त्यांची पत्र्याची शेड होती, तिथं आम्ही वेटलिफ्टिंग शिकायचो. स्पर्धेला निघालेल्या प्रत्येकाची पिशवी ते गोणपाटावर रिकामी करायला लावत. बनियन, पट्टा, आईनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू, सगळं बाहेर. डोकेदुखीची गोळी निघाली तरी चौकशी. पोरांनी त्यांचं नाव चेकपोस्ट ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि बहुधा आवडतही होतं.

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, इंग्रजी जेमतेम. पण खेळाडूंना बंदी असलेल्या औषधांची इंग्रजी यादी त्यांनी शंभर पानी वहीत उतरवली होती, ती वाचून नव्हे, रांगोळी काढावी तशी अक्षरं बघून बघून. गोळीच्या पाकिटावरचं नाव आणि वहीतलं नाव ते बोट ठेवून जुळवत बसायचे. तोवर आम्ही घाम वाळवत उभे. "डाक्टर चुकंल, दुकानदार चुकंल, वही न्हाई चुकायची," म्हणायचे.

वहीही चुकली, आणि नेमकी माझ्याच वेळी. राज्य स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी तापानं फणफणलो होतो, खोकल्यानं छाती भरलेली. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाच्या नावाची पहिली पाच-सहा अक्षरं वहीतल्या एका नावाशी जुळली. उस्तादांनी पुढचं बघितलंच नाही, बाटली मोरीत ओतली. दुसऱ्या दिवशी तिन्ही वेळा बार माझ्या हातून सुटला. ते औषध चालणारं होतं, हे नंतर कळलं. पहिला आलेला गडी सुया टोचून घेतो हे सगळ्या मैदानाला ठाऊक होतं, पण तो सापडला नाही, उलट नोकरीला लागला. उस्तादांनी माझ्यासमोर कान पकडले. वर म्हणाले, "पर तुजं अंग तुजंच ऱ्हायलं." माझं डोकंच फिरलं. ते अंग घेऊन काय चाटायचं होतं?

तो राग मी पुढं पाच-सहा वर्षं पोसला. मग परदेशातली ती स्पर्धा निघाली. हवं ते औषध घ्या, उघड घ्या, डॉक्टर आम्ही देतो. मी व्हिडिओ पाठवला आणि मला बोलावणं आलं. मनाशी म्हटलं, बाकीचे कोपऱ्यात लपून खातात, हे पंगतीत बसवून वाढतात, यात वाईट ते काय? खरं सांगतो, या प्रश्नाचं धड उत्तर मला आजही देता येत नाही.

निघायच्या दिवशी निरोप घ्यायला शेडवर गेलो. उस्ताद दारात खुर्ची टाकून बसले होते. मी सवयीनं गोणपाटावर बसलो आणि बॅगेची चेन उघडली. त्यांनी बॅगेकडं पाहिलंसुद्धा नाही.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "चोर असतास तर झडती घेतली असती."

मी पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही. त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, तेवढा लाडवांचा डबा दिला.

तिकडं मी जन्मात उचललं नव्हतं एवढं वजन उचललं, तिसरा आलो. परत आलो तेव्हा उस्तादांना जाऊन दीड महिना झाला होता. मला कळवू नका, पोराचं ध्यान मोडंल, असं त्यांनीच काकूंना सांगून ठेवलं होतं. काकूंनी वही माझ्या हातात दिली. मोबाईलवरच्या एका मुलाखतीत मी काय काय घेतो ते फुशारकीनं सांगितलं होतं. ती चारही नावं शेवटच्या पानावर, त्याच रांगोळीच्या अक्षरांत. खाली औषधाच्या दुकानात विचारून मराठीत लिहिलेलं: काळीज मोठं होतं. रक्त घट्ट होतं. बंद केल्यावर मन खचतं. आणि सगळ्यात शेवटी: आला की डाक्टरकडं नेणे. मी काकूंसमोर लहान पोरासारखा रडलो.

आता शेड मी चालवतो. गोणपाट अजून तिथंच अंथरलेलं असतं, पण पिशवी उलटी कर असं मी कुणाला म्हणत नाही. कुठल्या तोंडानं म्हणू? परवा पाथर्डीकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. नवराबायको दोघंही दरवर्षी ऊसतोडीला जाणारी. मुलगी मात्र अशा खांद्यांची, की उस्ताद असते तर खूश झाले असते. त्यांनी मला हात जोडले.

"सर, तुमी घेतलं तेच हिलाबी लिहून द्या. आमाला लपूनछपून काई नको. तुमच्यावानी राजरोस."

मी फळीवरची वही काढली आणि शेवटचं पान त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पर तुमाला तर काई झालं न्हाई ना, सर?"

मुलगी माझ्या दंडांकडं बघत होती. मी कोपऱ्यातली माझी पिशवी आणली आणि गोणपाटावर उलटी केली. काळजाच्या गोळ्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या. मुलगी खाली बसली, एक पाकीट उचललं आणि त्याच्यावरचं इंग्रजी नाव बोट ठेवून, एकेक अक्षर लावत वाचायला लागली.