पिवळ्या अंगठ्याची पुस्तकं

आत्माराम थुंकी लावून पानं उलटायचा आणि मला त्याची शिसारी यायची. मूळचा सफाळ्याकडचा, बोईसरला रंगाच्या कारखान्यात पोती भरायच्या कामावर. त्यामुळे उजवा अंगठा कायम पिवळाधमक. तो आधी जिभेला, मग पानाला. वाचनालयाचा ग्रंथपाल मी. त्र्याऐंशी सालापासून पुस्तकांचे हे हाल बघत होतो. कितीदा डाफरलो असेन! "साबनानं घासतो हो, निघत नाय," म्हणायचा आणि अंगठा पुन्हा तोंडाकडे.

मग लक्षात आलं, की सभासद पुस्तक उघडून आधी पानांचा खालचा कोपरा बघतात. पिवळा डाग शेवटपर्यंत असला तर पुस्तक घरी, विसाव्या पानावर थांबला असला तर परत फळीवर. कारण आवडलं नाही तर आत्माराम पुढचं एक पान उलटत नसे. बक्षीस मिळालेली एक जाडजूड कादंबरी त्यानं अकराव्या पानावर आटोपली होती. उलट विहिरी खणणाऱ्या कुटुंबावरची एक कादंबरी, शिवण उसवलेली, कोणी हात लावत नव्हतं. तिच्यात त्याचा अंगठा शेवटपर्यंत गेला आणि तिच्यासाठी नंबर लागले. सापांवरच्या माहितीच्या पुस्तकाची तर त्यानं मागची सूचीसुद्धा सोडली नव्हती. तोंडी विचारलं तर एवढंच सांगे, "विहिरवाली न्या. त्यातली मानसं खोटं बोलत नाय."

पुढं आमच्या अध्यक्षांनी, वामनरावांनी, आत्मचरित्र लिहिलं. इतकं बुळबुळीत पुस्तक मी जन्मात वाचलेलं नाही. पानोपानी स्वतःचीच आरती. सत्कारात कोणी कसले हार घातले त्याला अख्खं प्रकरण आणि पहिल्या बायकोच्या आजारपणाला दीड ओळ. वाचून हात धुवावेसे वाटले. आत्मारामचा डाग सातव्या पानावर थांबला आणि पुस्तक चार महिने जागचं हललं नाही. कोणीतरी वामनरावांच्या कानावर घातलं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "पुस्तकं घाण करणाऱ्या त्या माणसाचं सभासदत्व रद्द करा."

आत्मारामला वाचायला दुसरी जागा नव्हती. पाळीची नोकरी सांभाळून पुस्तक बदलायला पालघरला कोण जाणार? तेव्हा शहाणपणा मीच केला. म्हटलं, "अरे, वाचू नकोस. नुसती पानं उलट, शेवटपर्यंत. वामनराव थंड होतील."

त्यानं पुस्तक उचललं आणि पुन्हा टेबलावर ठेवलं. "लोक माझं बघून नेतात, भाऊ."

"एका पुस्तकानं काय होतंय?"

टेबलाशी उभ्या उभ्या त्यानं ते पुस्तक उलटलं, प्रत्येक पानाला जीभ लावून. मधे एकदाही वर बघितलं नाही. सभासदत्व राहिलं.

दुसऱ्याच आठवड्यात दमयंतीबाईंनी ते पुस्तक काढलं. त्यांचे यजमान कृष्णकांतराव अंथरुणाला खिळलेले होते. त्या रोज संध्याकाळी त्यांना वाचून दाखवायच्या. बाईंनी कोपरे बघितले, शेवटचं पान बघितलं आणि पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. पलीकडे वामनराव पेपर वाचत बसले होते. मी मुकाट्यानं नोंद केली. माझ्या त्या भित्र्या अक्षराची मला आजही किळस येते.

तीन आठवड्यांनी बाई पुस्तक परत द्यायला आल्या. कपाळ मोकळं होतं. एकशे बाराव्या पानात खुणेचा कागद तसाच होता. आत्माराम कपाटाशी उभा होता. बाई त्याच्याकडे वळल्या. आवाजात राग नव्हता.

"मी दोनदा बोलले यांना, हे नको, दुसरं आनते. तर म्हनाले, आत्मारामानं शेवटपर्यंत वाचलंय, म्हंजे पुढं काय तरी चांगलं हाय. तू वाच."