जावयाच्या दाराचं हँडल

धातू ओळखावा तर आमच्या साडूंनी. शिरोळपासून चंदगडपर्यंत अख्खा कोल्हापूर जिल्हा पालथा घातलात तरी असा दुसरा माणूस सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो तुमचा नातेवाईक नसो, एवढीच माझी प्रार्थना आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्कांचे, यजमान. गारगोटीच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. लोक खिशात पेन ठेवतात, तंबाखूची डबी ठेवतात. हे लोहचुंबक ठेवतात. खरं तांबं-पितळ चुंबकाला दाद देत नाही. चिकटलं, की समजायचं आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. आता ही परीक्षा दुकानात घेतली तर कोण नाही म्हणतंय? पण एका पुतणीच्या लग्नात त्यांनी भर मांडवात आहेराच्या समईला चुंबक लावला. टक्कन चिकटला. "कोण ह्यो शहाणा?" साडू गरजले. "पोरीला पितळ म्हणून लोखंड दिलंय की!" सनईवालासुद्धा वाजवायचा थांबला. तो शहाणा मीच होतो. मी गुपचूप जाऊन पंगतीत बसलो आणि भूक नसताना चार जिलब्या खाल्ल्या.

धातूची पारख एक वेळ परवडली, पण घरात कुठला धातू कुठल्याशेजारी ठेवावा याचंही त्यांचं एक शास्त्र आहे, आणि ते ऐकल्याशिवाय सुटका नसते. "एका खोलीत तीनच धातू," ते तीन बोटं नाचवत सांगतात. "एक पाटील, एक कारभारी आन् एक पावणा." म्हणजे एका धातूचा घरभर दरारा पाहिजे, तो पाटील. दुसरा त्याच्या मागं मागं, जरा कमी. आणि तिसरा एवढासा, एखादीच वस्तू, पण आल्यागेल्याची नजर आधी तिच्यावर पडली पाहिजे. "पावण्याबिगर घराला शोभा न्हाय. आन् चौथा आला की भांडाण!" एका ओळखीच्यांनी हौसेनं सगळं घर सोनेरी करून घेतलं, नळ सोनेरी, कड्या सोनेरी, पंख्याची पातीसुद्धा सोनेरी. साडूंनी उंबऱ्यातूनच नमस्कार केला. "सगळंच पाटील. मग पाणी कोण भरणार?" म्हणाले आणि चहा न घेता माघारी फिरले. सगळीकडं स्टीलच असलेल्या घराला ते दवाखाना म्हणतात.

आमच्या हॉलची गत तर विचारूच नका. काळा पंखा, स्टीलचा शोकेस, तांब्याचा हंडा आणि बायकोनं नव्यानं आणलेली पडद्याची सोनेरी दांडी. साडू आले, खुर्चीवर बसले आणि छताकडं बघून म्हणाले, "पावणं, ह्यो हॉल हाय का जोतिबाची जत्रा?" पाणी प्यायच्या आत स्टुलावर चढून त्यांनी दांडी उतरवली. पडदे तीन महिने खिळ्याला सुतळी बांधून लटकले. बायको वैतागली, मी वैतागलो. पण खोटं कशाला बोलू, हॉल बरा दिसायला लागला.

तर अशा माणसाला एकुलती एक लेक. तिच्यावर भलता जीव. तिनं आणि जावयानं कोल्हापुरात फ्लॅट घेतला, तेव्हा साडू आठवडाभर दुकानात गिऱ्हाइकाला भांडी दाखवायच्या ऐवजी फ्लॅटचा नकाशा दाखवत होते. वास्तुशांतीच्या दोन दिवस आधी मदत करायला म्हणून ते आले. लेक-जावई सामान आणायला बाहेर पडले आणि साडू त्या कोऱ्या घरात एकटे राहिले. खरं तर तिथंच आमचं चुकलं. कुणीतरी सोबत थांबायला पाहिजे होतं.

पुढच्या दाराला हातभर लांब हँडल होतं, काळपट तपकिरी. आतल्या दारांनाही तसलीच. साडूंनी सवयीनं चुंबक लावला. चिकटेना! परत लावला. चिकटेना! अस्सल पितळ! आणि त्याची ही दशा? जुना माल लेकीच्या गळ्यात मारला म्हणून त्यांनी बिल्डरचा मनसोक्त उद्धार केला. खाली जाऊन चिंच आणली, मीठ आणलं, हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणला आणि दोन तास ते हँडल घासत बसले. वरचा लेप गेला, काळपटपणा गेला, हँडल लखलखायला लागलं. आता साडू आतल्या दाराचं पहिलं हँडल हातात घेणार, एवढ्यात लिफ्टमधून लेक-जावई बाहेर आले.

ते काळपट हँडल जुनं नव्हतंच. नवंकोरं, मुद्दाम तसलं बनवलेलं. जावयानं त्या रंगासाठी महिनाभर दुकानं धुंडाळली होती. बिचारा हातातल्या पिशव्या तशाच धरून उभा राहिला. "असू दे, मामा," एवढंच म्हणाला आणि आत गेला. लेक मात्र रडकुंडीला आली. "पप्पा, काय केलंत हे? विचारायचं तरी हुतं! हे घर काय तुमचं दुकान हाय व्हय?"

साडूंनी चिंचेचे हात धुतले, पिशवी उचलली आणि मिळेल ती एसटी पकडून गारगोटी गाठली. वास्तुशांतीला आले, पण बाहेरच्या खुर्चीवर बसले. जावई दोनदा म्हणाला, "मामा, आत या की." ते म्हणाले, "हितं वारं बरं हाय." दारातून जाता-येता त्या चकाकत्या हँडलला त्यांनी हात लावला नाही, कुणीतरी आतून उघडायची वाट बघत राहिले. मला त्या दिवशी त्यांच्याकडं बघवेना.

नंतर लेकीकडं जाणंच बंद झालं. तिनं बोलावलं की "दुकान हाय की गं." अक्का एकट्या जाऊन यायच्या. एकदा साडू आमच्याकडं आले. बायकोनं ती सोनेरी दांडी पुन्हा लावलेली होती, वर पितळी घड्याळाची भर घातली होती. साडूंनी वर बघितलं आणि म्हणाले, "छान हाय." मी घाबरलो. बायकोला आत बोलावून म्हटलं, "दाजींना डॉक्टरकडं न्यायला पाहिजे." मग त्यांना बरं वाटावं म्हणून मीच स्टुलावर चढून दांडी काढली. तरी काही फरक पडला नाही.

परवा दसऱ्याच्या तोंडावर आम्ही गारगोटीला गेलो होतो. मी दुकानात त्यांच्याशेजारी बसलो होतो. फोन वाजला. साडूंना ऐकायला कमी येतं, म्हणून ते नेहमी स्पीकर लावतात. लेक होती.

"पप्पा, पुढच्या दाराचं हँडल काळं पडलंय."

साडू घुटमळले. "पडणारच. वरचा लेप मीच घालवला नव्हं. पावसाची हवा खाल्ली त्यानं." मग हळूच म्हणाले, "बरंच झालं की गं. आता बाकीच्यांशी जुळलं. राहू दे."

"कशाला राहू दे?" पोरगी बापावर गेलेली, तिचा आवाज चढला. "तीन महिनं बघतीया मी, रोज थोडं थोडं काळं हुतंय. ह्यांनी दोनदा फडकं घेतलं, मीच हात लावू दिला न्हाय. म्हटलं, ज्यानं घासलंय त्यो येऊन घासंल. दसरा आलाय पप्पा. सगळ्या बिल्डिंगीत पितळ निघालंय घासाय. आमच्या घरात पावणा न्हाय."

पलीकडून आवाज आला, जावयाचा. "मामा, चिंच आणून ठेवलीया. पण आतली हँडलं सोडा हां, हात जोडतो."

साडूंनी फोन ठेवला आणि उगाचच एक पातेलं उचलून उपरण्यानं पुसत बसले. बराच वेळ पुसलं. मग गल्ला उघडला. आत कोपऱ्यात तो लोहचुंबक पडला होता. तो काढून त्यांनी खिशात टाकला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "पावणं, जरा दुकान बघता काय? पावणेचारची एसटी मिळती का बघतो."