राणी आणि मजेंटा

जानेवारीतला शेवटचा रविवार, सकाळचे सात, सुरतच्या पांडेसऱ्याचं मैदान. हजर: आमच्या क्लबच्या मुली, हर्षदा, हर्षदाची आई आणि मी. गैरहजर: गोलकीपर निकिता, कडोदऱ्याला मामेबहिणीची हळद. उत्तरायणातला तुटका मांजा मैदानातून वेचून झाला होता, बाटल्या भरल्या होत्या, केळी आली होती. यादीतलं सगळं झालं होतं. हर्षदा खेळेल की नाही, एवढंच यादीत बसत नव्हतं.

हर्षदा पोटापाण्यासाठी फुटबॉल खेळते. मिडफिल्डर आहे, म्हणजे मैदानाच्या मधोमध उभी राहून मागचा बॉल पुढे नेणारी. ती शाळेत असताना क्लबचं मॅनेजरपद माझ्याकडे आलं. फुटबॉल मला कळत नव्हता, पण मी कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलच्या डिस्पॅचमध्ये काम करते आणि कोण आलं, कोण नाही हे लिहून ठेवते, एवढी पात्रता तेव्हा पुरली. पहिल्याच दिवशी मी हर्षदाच्या नावापुढे लिहिलं: लक्ष नाही. ही पोरगी सारखी मान वळवायची. उजवीकडून मागे, डावीकडून मागे. बॉल दुसरीकडेच असायचा. मी तिच्या आईला गाठलं. आई घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायची. ती म्हणाली, "काय सांगू काकू, हाई पोर जेवतांना बी मांगे देखस!" मी तातडीनं डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. नजर उत्तम निघाली. परत येताना रिक्षात हर्षदानं मला समजावलं, "काकू, बॉल पायात आल्यावर बघायला वेळ नसतो. आधीच बघून ठेवायचं." आणि रिक्षातूनही मागे बघून घेतलं.

पुढे ती गुजरातकडून खेळली, मग दक्षिणेतल्या एका क्लबनं तिला करारावर घेतलं. मी उत्साहानं कात्रणांची फाइल केली. फाइल बरीच वर्षं रिकामी राहिली, कारण पेपरात नाव येतं गोल करणारीचं. एकदा फोटो आला. त्यात गोल करणारी मुलगी पूर्ण होती आणि हर्षदाचा खांदा होता. मी तो खांदा लॅमिनेट केला. ती हसून म्हणाली, "काकू, माझं नाव आलं नाही म्हणजे माझं काम नीट झालं."

मागच्या हंगामात एक मुलगी मागून तिच्या पायावर आली आणि गुडघ्याचा लिगामेंट गेला. ऑपरेशन झालं, हर्षदा सुरतला परतली. मी तिच्यासाठी तीन रंगांच्या पेनांनी व्यायामाचं वेळापत्रक केलं. फिजिओथेरपिस्टनं ते आदरानं बघितलं आणि स्वतःचं दिलं. डॉक्टर म्हणाले गुडघा पक्का आहे. दक्षिणेतल्या क्लबनं कळवलं, फेब्रुवारीच्या शिबिरात खेळून दाखव, मग करार. इकडे बारडोलीच्या एका शाळेला खेळशिक्षिका हवी होती, आणि त्यांना सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

अडचण गुडघ्यात नव्हती. हर्षदानं मागे बघणं सोडलं होतं. बॉल आला की वळायची नाही, आला तसा मागच्या मुलीला देऊन टाकायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मागे बघितलं की तीच येताना दिसते, काकू. पाय थांबतो." मी वहीत 'उपाय' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

तर त्या रविवारची मॅच. दोन टीम ओळखू याव्यात म्हणून मी मिलमधल्या उरलेल्या कापडाची बिनबाह्यांची जाकिटं शिवून घेतली होती. एका टीमला राणी रंग, दुसरीला मजेंटा. हर्षदा राणीत. निकिता नसल्यामुळे मजेंटाच्या गोलात, कमरेला ओढणी बांधून, मी.

पाच मिनिटांत मैदानात गोंधळ माजला. "अरे, मने आप ने!" "तू कई टीममां छे?" "तमारी टीममां नथी!" बॉल भलत्याच मुलींना जात होता. हर्षदा कमरेवर हात ठेवून माझ्याकडे आली.

"काकू, हे दोन रंग आहेत?"

"म्हणजे काय! एक राणी, एक मजेंटा. एवढ्या फरकानं अख्खा लॉट परत येतो आमच्याकडे!"

"इथे उन्हात पळताना एकच आहे."

मी नीट बघितलं. एकच होता. इतकी वर्षं शेडकार्ड बघून बघून मला दोन दिसत होते. मी शिट्टी शोधू लागले, मॅच थांबवावी म्हणून. शिट्टी ओढणीत अडकली होती.

तेवढ्यात खेळ पुन्हा सुरू झाला. आता रंगावर भरवसा नाही म्हटल्यावर बॉल कोणाला द्यायचा हे चेहरे बघूनच ठरवावं लागणार होतं. आणि हर्षदाची मान वळली. उजवीकडून मागे. मग डावीकडून. मागून आमची धिप्पाड किंजल धावत येत होती. हर्षदानं तिला बघितलं, हे मला गोलातून स्पष्ट दिसलं. तिचा पाय थांबला. मग बॉल आला, आणि ती वळली. किंजल तिच्या जागेवर पोचली तेव्हा तिथे कोणी नव्हतं. बॉल कोपऱ्यातल्या धारिणीला, धारिणीकडून माझ्या शेजारून जाळीत.

मी उड्या मारून टाळ्या वाजवल्या. गोल माझ्यावर झाला आहे, याची किंजलनं मला आठवण करून दिली. काठावरून हर्षदाची आई ओरडली, "देखं वं माय, पोर मांगे देखी ऱ्हायनी!"

सोमवारी बारडोलीला नकार गेला. शिबिराला निघाली तेव्हा स्टेशनवर मी हर्षदाला सामानाची यादी दिली. तिनं ती न वाचता, पण जपून, पिशवीत ठेवली. गाडीत चढताना दोन्ही खांद्यांवरून मागे बघितलं आणि म्हणाली, "काकू, जाकिटं बदलू नका हं."

असं कसं चालेल? दोन टीमना दोन रंग हवेतच. पिवळ्या कापडाचा तुकडा मी त्याच आठवड्यात काढून ठेवला. शिंपी दर शनिवारी कापड पाठवा म्हणून फोन करतो, "बेन, मोकलो ने!" पण हल्ली रविवारी बघते तर किंजल मान वळवते, धारिणी वळवते, सगळ्यात धाकटीही बॉल यायच्या आधी मागे बघून घेते. मग मी शिंप्याला पुढच्या शनिवारचं सांगते आणि नव्या यादीत पहिली ओळ तीच उतरवते: जाकिटं, दुसरा रंग, शिवायला टाकणे.