माझा जनरेटर आणि मागच्या खांबावरची मुलगी

नातवंडांनो, तुमच्यातली थोरली गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाली की तिला पवनचक्क्यांच्या कंपनीत नोकरी लागली आहे आणि काम उंचावर चढून करायचं आहे. मी आनंदाने तोंड भरून कौतुक केलं, पण एक गोष्ट सांगायची राहिली. ती माझ्या चुकीची असल्यामुळे बोलायला जड गेली. म्हणून लिहून पाठवते.

मोठ्या वादळाच्या वर्षी श्रीवर्धनला आपल्या मागच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहायची. उरणकडच्या कोळीवाड्यातली, वीज कंपनीत नवीन लागलेली. बाई असली तरी सगळे तिला वायरमनच म्हणत, आणि तिला ते आवडे. सकाळी डबा भरून झाला की ओट्यावर बसून रबरी हातमोजे फुगवून पाही, कुठे बारीक भोक तर नाही ना म्हणून. मला तिची ही शिस्त फार आवडायची.

खांबावरही तिचं तसंच. वीज बंद करून आल्यावरसुद्धा साखळीचं एक टोक आधी जमिनीला जोडायची, दुसरं काठीने तारांवर अडकवायची, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जाईल, आणि मगच तारेला हात लावायची. बरोबरचे थोरले वायरमन चिडवत, "मॅडम, आरती झाली असेल तर कामाला लागू." ती म्हणे, "प्रसाद घरी पोचवते, काका."

साहेबांना मात्र ती हळू वाटे. असंच चाललं तर तिला बिलांच्या टेबलावर बसवू, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. तिला त्याचीच धास्ती होती.

वादळात सुपारीची झाडं तारांवर आडवी झाली आणि कितीतरी दिवस वीज नव्हती. मी एक छोटा जनरेटर घेतला. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून घेतली होती. एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला, की घरभर वीज. ही वायर किती धोक्याची आहे ते मला ठाऊक होतं. म्हणून सूचना क्रमवार लिहून भिंतीला चिकटवल्या होत्या. पहिली सूचना: मेन स्विच बंद करणे, नाहीतर जनरेटरची वीज उलटी बाहेरच्या तारांत जाते.

त्या दिवशी सकाळपासून शेजारीपाजारी मोबाइल चार्ज करायला येत होते. मी प्रत्येक मोबाइलला नावाची चिठ्ठी लावून ते ओळीने मांडले, आणि त्या व्यवस्थितपणाच्या नादात पहिलीच सूचना विसरले.

त्याच वेळी ती आपल्या घरामागच्या खांबावर चढत होती. थोरले वायरमन खालून म्हणत होते की वीज बंदच आहे, अजून दहा गल्ल्या बाकी आहेत, आज साखळी राहू दे. तिने ऐकलं नाही. साखळी तारांना लागली आणि मोठा आवाज झाला. माझा जनरेटर धापा टाकत बंद पडला.

ती खाली उतरून थेट स्वयंपाकघराच्या दारात आली. वायर पाहिली, स्विच पाहिला. "आजी, मेन चालू हाय," एवढंच म्हणाली. मग पायरीवर बसून तिने पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "आयला कलवू नका." उरणला तिच्या आईला कळवू नका, असं.

संध्याकाळपर्यंत ऑफिसात बोभाटा झाला की मुलीने लाइनवर स्फोट केला. दुसऱ्या दिवशी मी घडलेलं सगळं दोन पानांत लिहिलं, सही केली आणि साहेबांच्या हातात दिलं. ते वाचत असताना थोरले वायरमन दाराशी उभे होते. मान खाली घालून म्हणाले, "साहेब, साखळी नको असं मीच म्हटलं होतं. तिनं ऐकलं न्हाय, म्हणून ती आज हाय."

टेबलाची गोष्ट पुन्हा निघाली नाही. मी ती वायर कात्रीने तुकडे करून फेकून दिली. ती मुलगी मात्र त्यानंतर खांबाला हात लावण्याआधी प्रत्येक घरी जाऊन जनरेटर, इन्व्हर्टर आणि मेन स्वतः पाहू लागली. कुणी कुरकुर केली तर आत येऊन चहा पिई, पण पाहिल्याशिवाय जात नसे.

आता ती दुसऱ्या तालुक्यात वरच्या जागेवर आहे. तिच्या हाताखाली दोन मुली आहेत आणि दोघीही साखळी टाकल्याशिवाय तारेला हात लावत नाहीत. आपल्या गल्लीत तिच्या जागी आलेली वायरमन काल सकाळी दारात येऊन मेन बंद आहे का ते पाहून गेली. घरोघरी जाऊन पाहायची ती पद्धत इथे अजून चालू आहे.