म्हात्रे सरांच्या टेबलावरची फुलं

चार माणसं अकरा वर्षं दर रविवारी सकाळी एका खोलीत बसून चित्रं काढतात. त्यात सांगण्यासारखं काय घडणार? तेव्हा मलाही तसंच वाटायचं. पण आता आमच्यातलं कुणी भेटलं की चित्रांचा विषयच निघत नाही. "ते आठवतंय का," अशी सुरुवात होते आणि समोरचा चहा गार होऊन जातो.

खोली म्हात्रे सरांची. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर, पुढे छोटं अंगण. सर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि रविवारी आम्हाला पेस्टल. म्हणजे शाळेतले तेलकट खडू नव्हेत. बोट लावलं की पूड होते ते मऊ खडू. टेबलावर कधी भांडी, कधी फळं, बहुतेकदा फुलं. ऐंशी सालानंतर कधीतरी हे सुरू झालं. गायकवाड कारखान्यात टर्नर होते. लालवानीशेठचं उल्हासनगरला कपड्याचं दुकान. कर्णिक काकू बदलापूरच्या, शाळेतून रिटायर झालेल्या. आणि मी शैला, विठ्ठलवाडीची, टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर.

*

पहिल्याच रविवारी सरांनी एक तांब्या आणि दोन कांदे मांडले. आम्ही खडू हातात घेऊन एकमेकांकडे बघत बसलो. गायकवाड मात्र उठले, टेबलापाशी गेले आणि खिशातून बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढून कांदा मोजायला लागले.

सरांनी शांतपणे विचारलं, "किती भरला?"

"बासष्ट मिलिमीटर, सर."

"ठीक. आता त्याचा रंग मोजा."

गायकवाड जागेवर येऊन बसले आणि तासभर त्या कांद्याकडे नुसते बघत राहिले. त्या दिवशी त्यांनी एक रेघही काढली नाही. जाताना सरांना म्हणाले, की इतकी वर्षं कांदा खातोय, आज पहिल्यांदा बघितला.

*

एकदा जास्वंद होती. सर प्रत्येकाला रंग विचारत होते. आम्ही सगळे लाल म्हणालो.  लालवानीशेठ मात्र उठले, फूल फुलदाणीसकट उचललं आणि थेट अंगणात घेऊन गेले. आमची निम्मी झालेली चित्रं तशीच राहिली.

पाच मिनिटांनी परत आले आणि म्हणाले, "सर, हा लाल नाय. बाहेर बघा, अंदर से गुलाबी मारता है. ट्यूबलाइट में कपडा कभी नहीं बेचने का. गिऱ्हाइकाला मी नेहमी बाहेर नेतो."

आता सर रागावणार असं आम्हाला वाटलं. सर फुलदाणीच्या मागोमाग अंगणात गेले, फूल उन्हात फिरवून बघितलं. पुढच्या रविवारी आलो तेव्हा टेबल अंगणात मांडलेलं होतं. त्यानंतर पाऊस नसेल तेव्हा आम्ही बाहेरच बसायला लागलो.

*

माझंही एक आहे. एका रविवारी दुपारी मला बघायला मंडळी यायची होती आणि मी क्लासमधून तशीच घरी गेले. कपाळावर, गालावर निळी पूड. आरशात बघायलाही वेळ मिळाला नाही. मुलगा माझ्या गालाकडेच बघत होता. त्याच्या आईनं मात्र माझ्या आईला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की मुलीला घरात कुणी मारतं का.

आईनं महिनाभर तरी मला क्लासला जाऊ दिलं नाही. चौथ्या रविवारी काकू स्वतः बदलापूरहून आमच्या चाळीत आल्या, आईशी दोन तास बोलल्या. काय बोलल्या ते दोघींनीही मला कधी सांगितलं नाही. पुढच्या रविवारी निघताना आईनं मला ओला रुमाल दिला.

*

गायकवाडांचे वडील गेले. दोन रविवार ते आलेच नाहीत. तिसऱ्या रविवारी आले ते पिशवी घेऊन. सरांना म्हणाले, "दादांचा एकही फोटो नाही घरात. काढायचा राहूनच गेला." मग पिशवीतून वडिलांचा चष्मा, जेवणाचा डबा आणि काठी काढून टेबलावर ठेवली. सरांनी त्या दिवशीची फुलं उचलून बाजूला केली.

 चौघांनीही तेच काढलं आणि शेवटी सगळी चित्रं गायकवाडांना दिली. त्यांनी ती क्वार्टरमध्ये बुद्धाच्या तसबिरीखाली ओळीनं लावली.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांची आई पाणी घेऊन बाहेर आली. चित्रांसमोरून जाताना चष्म्याकडे तिची नजर गेली, आणि तिनं पदर डोक्यावर सारखा केला.

*

काकू एरवी फक्त फुलं काढायच्या. एके दिवशी त्यांच्या पिवळ्या शेवंतीला हिरव्या पाकळ्या आल्या. आम्हाला वाटलं, प्रयोग असेल. सरांना कळलं. त्यांनी काकूंना अंगणात एकटं गाठून विचारलं, तेव्हा काकूंनी सांगितलं, की काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, आणि राहिलेली किती दिवस टिकेल हे डॉक्टरही सांगत नाहीत. क्लासला येणं बंद करते म्हणाल्या. सरांनी हे आम्हाला सांगितलं.

पुढच्या रविवारी गायकवाड लाकडी पेटी घेऊन आले. प्रत्येक खडूला वेगळा खण, सगळे खण घरी स्वतः कोरलेले. लालवानीशेठनी प्रत्येक खणाच्या कडेला कापडाचा तुकडा चिकटवला: पांढऱ्याला मलमल, जांभळ्याला मखमल, लालला रेशीम. बोटानं चाचपायचं आणि रंग उचलायचा.

काकूंनी सगळ्या खणांवरून सावकाश बोटं फिरवली. लालपाशी थांबल्या.

"लालवानी, लाल रंग इतका गुळगुळीत नसतो हो."

शेठनी तिथेच रेशीम उपटून काढलं. पुढच्या आठवड्यात लालला खादी आली.

*

हे त्यानंतर दोन वर्षांनी घडलं. काकूंना तेव्हा उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. फुलं मांडून झाली की सर त्यांना सांगायचे: तीन आहेत, एकानं मान टाकलीय, उजेड डावीकडून आहे. मग काकू सुरू करायच्या.

त्या रविवारी महाशिवरात्र होती. मंदिराच्या रस्त्याला माणसंच माणसं. सर फुलं आणायला गेले ते उशिरा आले आणि रिकाम्या हातांनी आले. सगळी फुलं देवाला गेली होती. दारातून ते बोलणार, तेवढ्यात त्यांना दिसलं, की काकूंनी चित्र सुरू केलंय. समोर टेबलावर काहीच नव्हतं. काकूंची मान मात्र नेहमीसारखी टेबलाकडे होती, आणि हात चालला होता.

सरांनी आमच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

आम्ही तिघांनीही मुकाट्यानं खडू उचलले. तासभर कागदावर खडूंचा आवाज तेवढा येत होता. काकूंच्या कागदावर निशिगंधाच्या तीन दांड्या उभ्या राहिल्या. पांढऱ्यात किंचित पिवळं, किंचित निळं. आजवर त्यांनी इतकं चांगलं काही काढलं नव्हतं.

काकूंनी हात पुसले. सर म्हणाले, "काकू, फार सुंदर झालंय."

"सर, आज फुलं मिळाली नाहीत वाटतं?"

सर आमच्याकडे बघायला लागले.

"वास आला नाही, म्हणून विचारलं."

लालवानीशेठना राहवलं नाही. "तो फिर काकू, आपने ये निकाला क्या?"

"गेल्या रविवारची फुलं," काकू म्हणाल्या. "आणि तुम्ही तिघं एवढा वेळ काय काढत होता?"

मी शेजारी बघितलं. गायकवाडांच्या कागदावर काकूंचा हात होता. शेठच्या कागदावर काकूंची साडी, तिच्या एकूण एक चुण्यांसकट. माझ्या कागदावर त्यांचाच अर्धा चेहरा.

"शैला, तू सांग," काकू म्हणाल्या.